माणगाव : आमच्या आज्जाने पाहिलेले गाव

माणगाव म्हटले की मुंबई-ठाण्याकडच्या आपल्या माणसाला कोकणातले माणगाव आठवते. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर अभिवादनाला जाताना वाटेत लागते ते. मी ज्या माणगावाविषयी लिहिणार आहे ते हे नव्हे. ते कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात आहे. महाडच्या सत्याग्रहाचा दिवस २० मार्च १९२७. या दुसऱ्या माणगावचे दिवस कॅलेंडरात त्याला लागूनच येतात, २१ आणि २२ मार्च. पण साल सात वर्षे आधीचे, १९२०. महाडला आपण हजारोंनी जातो. माणगावला मात्र आपल्यापैकी किती जण गेले आहेत, हे प्रत्येकाने आपल्याच मनाला विचारावे. मी स्वतः वयाच्या पासष्टाव्या वर्षी गेलो, म्हणून हे विचारण्याचा मला फारसा अधिकार नाही. पण ज्या कारणाने गेलो आणि जे पाहिले, ते सांगावेसे वाटते.

आमचे मूळ गाव त्याच भागातले. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते एकट्या त्याच गावात घडले असे नाही. कालकथित वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, १९५१ साली वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गाव सोडून मुंबईला आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. येण्याआधी कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे त्यांनी पाहिले होते. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी बसवलेले ते पुतळे. बाबासाहेब हयात असताना उभा राहिलेला त्यांचा पुतळा आपण पाहिला, याचा दादांना शेवटपर्यंत अभिमान होता.

पण गावाचा अभिमान त्यांना नव्हता. मे महिन्यात चाळीतली पोरे "गावाला चाललो" म्हणून ट्रंका बांधायची, आणि आम्ही चौघे भावंडे गॅलरीत उभे राहून बघायचो. विचारले की दादा एकच उत्तर द्यायचे, "आपल्याला गाव नाही. आपल्याला वस्ती होती, ती पण गावाबाहेर." त्या उत्तरामागे १९५७ साल होते. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीनेही दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव ओढ्यात सोडले आणि मेलेली जनावरे ओढायचे बंद केले. गावाने बहिष्कार घातला. शेतावर काम बंद, दुकानात उधारी बंद, गिरणीवाला दळण घेईना. आमची आजी तीन कोस चालून दुसऱ्या गावाहून पीठ आणी. मुंबईत ही बातमी पोचली तेव्हा दादांनी पगाराचे पैसे मनिऑर्डरने धाडले आणि शपथ घेतली, त्या गावची वेस पुन्हा ओलांडायची नाही. ती त्यांनी पाळली. आज्जाला मात्र दरवर्षी थंडीत चार महिने आमच्याकडे बोलावून घेत.

आज्जा म्हणजे माझे आजोबा. अंगाने वाळलेले, आवाजाने खणखणीत. मनिऑर्डरच्या पावतीवर ते अंगठा उठवत, म्हणून आम्ही त्यांना निरक्षर समजायचो. रात्री दहा बाय बाराच्या खोलीत सगळे झोपायला टेकले की आम्ही गोष्ट मागायचो. आज्जाची गोष्ट ठरलेली, "मी आंबेडकर सायेब बघितला, त्या दिसाची."

ते सांगत, "मी बारा-एक वर्साचा आसंन. माझ्या बापानं मला संगट घेतलं. भाकरी बांधून पहाटंचं निघालो. माणगावात ही दाटी! आमी लई मागं. काय बोलत्यात त्ये ऐकाय येत न्हवतं. एक डोंगरावानी माणूस, त्यो शाहू म्हाराज. आन् त्येच्या बगलेला एक तरणा माणूस, त्यो आंबेडकर सायेब."

"मग पुढे काय झाले, आज्जा?"

"म्होरं काय? माझा बाप खाली बसला."

आम्हा पोरांना ही गोष्ट अगदी नीरस वाटायची. राजा आला, साहेब आला, आणि गोष्टीचा शेवट काय, तर म्हाताऱ्याचा बाप खाली बसला! यात काय आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. आमच्या पणज्याने आयुष्यात पाटलासमोर कधी बूड टेकले नव्हते. चावडीपुढे उभे राहायचे, तेही लांब, पायरीला सावली लागणार नाही अशा बेताने. निरोप पोचवायचा, सरकारी बोजा वाहायचा, रात्रीची गस्त घालायची, मेलेले ढोर ओढायचे, आणि सुगीला खळ्यावर हात पसरून बलुते मागायचे. असा माणूस दुसऱ्या गावच्या पाटलाच्या बोलावण्यावरून गेला आणि त्या गावात, चारचौघांत, मांडी घालून बसला. बारा वर्षांच्या पोराने राजा पाहिला, बाबासाहेब पाहिले, पण लक्षात ठेवला तो बसलेला बाप.

आता ज्या परिषदेत तो बसला होता, तिच्याविषयी सांगतो. तिचे नाव होते दक्षिण महाराष्ट्र बहिष्कृत वर्ग परिषद. अध्यक्ष बाबासाहेब. तेव्हा ते एकोणतिसाव्या वर्षात होते. अमेरिकेतले शिक्षण झालेले, लंडनचे पैशाअभावी अर्धवट राहिलेले, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. १९१९च्या जानेवारीत साऊथबरो कमिटीपुढे त्यांनी साक्ष दिली होती, आणि ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला होता. त्या पाक्षिकासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. म्हणजे माणगावची परिषद भरली तेव्हा 'मूकनायक' जेमतेम पन्नास दिवसांचे होते. शिकलेल्या वर्तुळात बाबासाहेबांचे नाव झाले होते, पण खेड्यापाड्यातल्या आपल्या माणसांनी त्यांना अजून डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. ती भेट माणगावात झाली.

आणि शाहू महाराज स्वतः त्या परिषदेला आले. नुसते आले नाहीत, बोलले. तुम्ही तुमचा खरा पुढारी शोधून काढला, त्याबद्दल तुमचे अभिनंदन, हा माणूस तुमचा उद्धार करील आणि एक दिवस साऱ्या हिंदुस्थानचा पुढारी होईल, अशा आशयाचे ते भाषण होते. आजवर परक्या पुढाऱ्यांच्या मागे गेलात, आता आपल्यातलाच पुढारी ओळखा, हा त्यातला उपदेश. आणि परत जाण्याआधी रजपूतवाडीच्या कॅम्पवर माझ्याबरोबर जेवायला या, असे जाहीर आमंत्रण त्यांनी बाबासाहेबांना दिले. राजाने अस्पृश्य मानलेल्या माणसाला हजारो लोकांसमोर जेवायला बोलावणे, याचा अर्थ १९२० साली काय होता हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

परिषदेत पंधरा ठराव झाले. रस्ते, विहिरी, शाळा यांसारख्या सार्वजनिक जागी माणूस म्हणून समान हक्क. मुलगा असो वा मुलगी, सक्तीचे प्राथमिक शिक्षण. कायदेमंडळात आपले प्रतिनिधी. शाहू महाराजांचा २६ जूनचा वाढदिवस सणासारखा साजरा करणे. आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे बंद करणे. हा शेवटचा ठराव मला फार मोठा वाटतो. बाकीचे बहुतेक ठराव इतरांकडच्या मागण्या होत्या, हा ठराव आपल्या लोकांच्या स्वतःच्या जगण्याविषयी होता. १९५७ला आमच्या वस्तीने जे करून बहिष्कार सोसला, त्याची सुरुवात सदतीस वर्षे आधी माणगावात झाली होती.

मग प्रश्न येतो, ही परिषद माणगावातच का? कोल्हापूर शहरात राजवाडा होता, मोठी मैदाने होती. पण परिषद भरवायला पुढे झाले ते माणगावचे पाटील, आप्पासाहेब पाटील. हे जैन समाजाचे. त्या भागात जैन शेतकरी पुष्कळ. पाटीलकीही अनेक गावांत जैनांकडे. दादगोंडा, बाळगोंडा, भूपाल अशी नावे ऐकली की कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस लगेच ओळखतो. गावगाड्याच्या शिखरावर बसलेला हा पाटील. महाराने ज्याच्यासमोर उभे राहायचे तो पाटील. त्याने महारांच्या परिषदेचा मांडव आपल्या गावात घातला.

यावरून आमच्या घरात दादा आणि आज्जा यांची खडाजंगी व्हायची. दादांचे म्हणणे, "यात पाटलाचा मोठेपणा कसला? राजा पाठीशी होता. महाराजांची मर्जी सांभाळायला कुणीही मांडव घातला असता." दादांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ला सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणले, मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१८ला महार वतन रद्द करून जमिनी रयताव्याने ज्याच्या त्याच्या नावे केल्या. १९१९ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सगळ्यांच्या शाळेत बसवले. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन स्वतः चहा प्याले. असा राजा असताना पाटलाला बळ येणारच.

पण आज्जा शांतपणे म्हणायचे, "राजा समद्याच गावांला हुता. परिषद येकाच गावात झाली."

यावर दादांना उत्तर सुचत नसे. ते बिडी पेटवून गॅलरीत जात.

आणि आमचेच गाव पाहा ना. तेही त्याच राजाचे. १९१८च्या हुकुमाने कागदावर वतन गेले, पणज्याच्या नावे जमिनीची चिंचोळी पट्टी झाली. पण हाक मारणारी तोंडे बंद झाली नाहीत. हुकूम कोल्हापुरातून सुटला तरी तो गावच्या वेशीतून आत घ्यायचा की नाही, हे गावातली माणसे ठरवत होती. बाकीच्या मुंबई इलाख्यात तर वतन नष्ट व्हायला किती वर्षे जावी लागली! बाबासाहेबांनी १९२८ला कौन्सिलात बिल आणले, त्यावर रान उठवले, आणि प्रत्यक्ष कायदा झाला १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.

माणगाव परिषदेला २०२० साली शंभर वर्षे पूर्ण होत होती. दादा तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. आयुष्यात पहिल्यांदा ते आपण होऊन म्हणाले, "मला तिकडे घेऊन चल. आपल्या गावाला नको, माणगावला." मी तिकिटे काढली. दादांनी पांढरा सदरा धुवून इस्त्री करून ठेवला. आणि २२ मार्च २०२०, शताब्दीचा दुसरा दिवस, त्याच दिवशी देशभर जनता कर्फ्यू लागला. त्यानंतर टाळेबंदी. तिकिटे रद्द झाली. "पुढच्या वर्षी जाऊ," मी म्हणालो. पुढच्या वर्षी दादा राहिले नाहीत. तो सदरा त्यांच्या अंत्ययात्रेला घातला.

२०२४च्या जूनमध्ये नातीच्या प्रवेशाची वेळ आली. जात पडताळणीला आपल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, हे आपल्यापैकी प्रत्येक घराला माहीत आहे. दादांचे मुंबईतले सगळे कागद १९५१ नंतरचे. एकच मार्ग होता. गावच्या शाळेत दादा चौथीपर्यंत शिकले होते, त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. ज्या गावची वेस दादांनी चौसष्ट वर्षे ओलांडली नाही, त्याच गावाच्या दारात त्यांच्या पणतीच्या शिक्षणासाठी मला जावे लागले. बायको म्हणाली, "मनात राग धरून जाऊ नका. आपण मागायला नाही, आपला कागद घ्यायला चाललो आहोत."

रात्रीच्या गाडीने कोल्हापूर आणि तिथून एस.टी. शाळा मराठी, कौलारू, पुढे नवी खोली बांधलेली. मुख्याध्यापिका तिशीतल्या, दुसऱ्या समाजाच्या. मी अर्ज दिला, त्यांनी खुर्ची दिली. पाटीवाले कपाट उघडून त्यांनी जुने रजिस्टर काढले. दादांचे नाव सापडले. दाखल १९३९, सोडले १९४३, चौथी पास. जातीच्या रकान्यात जात. मी घाम पुसला. काम झाले होते.

बाई म्हणाल्या, "काका, याच्याही आधीचे एक रजिस्टर आहे. कडा कुरतडल्यात, पण वाचता येते. तुमच्या आजोबांचे साल काय?"

मी म्हणालो, "ते शाळेत गेले नव्हते. अंगठा उठवायचे."

"बघायला काय हरकत आहे?"

त्या सावकाश पाने उलटत गेल्या. एका पानावर बोट थांबले. पिवळ्या कागदावर वळणदार अक्षरात आमच्या आज्जाचे नाव, पणज्याचे नाव. दाखल झाल्याचे साल १९१९. नाव कमी केल्याचे साल १९२१. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, "गैरहजर".

मी खुर्चीत गप्प बसून राहिलो. म्हणजे मार्च १९२०ला बापाचे बोट धरून माणगावला गेलेला तो बारा वर्षांचा पोरगा शाळकरी होता! वेगळ्या शाळा बंद झाल्या त्याच वर्षी त्याला सगळ्यांच्या शाळेत घातले होते. आणि दोन वर्षांत नाव कमी झाले. राजाचा कायदा होता, रुपयाचा दंड होता, तरी पोरगे गैरहजर राहिले. कशापायी, ते त्या रकान्यात लिहिलेले नाही. पण ज्या घरात सुगी संपली की चूल थंड व्हायची, त्या घरातल्या माणसाला ते विचारावे लागत नाही. शिकलेली अक्षरे पुढे हातातून गेली, आणि उरला अंगठा. आज्जाने ही गोष्ट आम्हाला कधीच सांगितली नाही. कदाचित शिकायला मिळाले नाही असे सांगणे सोपे असते, मिळालेले हातातून गेले हे सांगणे अवघड असते. आता आठवते, आमच्या घरातल्या कॅलेंडरावर बाबासाहेबांच्या नावाखाली ते बोट फिरवत बसायचे. आम्हाला वाटे, म्हातारा नुसता चित्र बघतो आहे.

बाईंनी चहा मागवला. सगळ्यांसाठी एकाच किटलीतून, एकसारख्या कपांत. मी तो घेतला. त्यात काही विशेष नाही असे त्या बाईंना वाटले असेल, आणि तसेच वाटायला हवे. पण मी दादांचा मुलगा, माझ्या घशाखाली तो चहा सहज उतरला नाही. शाळेतून वस्तीत गेलो. वस्ती अजून ओढ्याच्या पलीकडेच आहे. घरे पक्की झाली, विहार झाला, पोरे इचलकरंजीच्या मागांवर आणि एम.आय.डी.सी.त कामाला जातात. पण स्मशानाच्या वाटेचा वाद अजून चालू आहे. सगळे बदलले असे म्हणणार नाही, काहीच बदलले नाही असेही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माणगावला गेलो. खिशात उताऱ्यांच्या प्रती होत्या आणि दादांचा फोटो.

हा सारा पंचगंगेच्या खोऱ्यातला मुलूख. काळी कसदार जमीन, जिकडे बघावे तिकडे ऊस. थंडीत गुऱ्हाळांचा वास कोसावरून येतो असे आज्जा सांगायचे. मी गेलो तेव्हा पावसाळा लागला होता आणि उसाची पाने धुतल्यासारखी हिरवीगार. कोल्हापूर-मिरज रेल्वे इथून जवळून जाते, रुकडी हे जवळचे स्टेशन. ही रेल्वे १८९१ची, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मवर्षीची. एका बाजूला यंत्रमागांचे इचलकरंजी, दुसऱ्या बाजूला चांदीच्या दागिन्यांची हुपरी. अशा कामकरी, कष्टकरी मुलखात माणगाव वसले आहे. एरवी त्या भागातल्या दुसऱ्या कुठल्याही गावासारखेच. पिंपळाचा पार, दूध डेअरी, सेवा सोसायटी, मोटरसायकलवर वैरणीचे भारे, दारात बांधलेल्या म्हशी. नवख्याला कुणी सांगितले नाही तर इथे इतिहास घडला हे कळणारही नाही. परिषदेचे स्मारक गावात आहे, आणि दरवर्षी मार्चच्या २१ आणि २२ तारखेला लोक येतात. पण मी गेलो तो जूनमधला साधा वार होता. गर्दी नव्हती, भाषणे नव्हती. मला तेच बरे वाटले.

स्मारकापाशी मी त्रिशरण-पंचशील म्हटले आणि दादांचा फोटो थोडा वेळ तिथे ठेवला. मग कोपऱ्यात जाऊन खाली बसलो. मुद्दामच बसलो. पणजा जिथे बसला ती नेमकी जागा कोण सांगणार? पण ती याच गावच्या मातीवर होती. एक म्हातारे गृहस्थ शेळी घेऊन चालले होते. थांबून म्हणाले, "पावणं, कुठलं म्हणायचं?"

हा प्रश्न मला आयुष्यात कितीदा विचारला गेला असेल. चाळीत, गिरणीत, लग्नाच्या बोलणीत. दरवेळी मी "मुंबईचा" म्हणून मोकळा व्हायचो. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या गावाचे नाव घेतले.

ते म्हणाले, "मग हितलंच की वो!" आणि शेळी ओढत पुढे गेले.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यांविषयी जे सांगितले ते आपल्याला ठाऊक आहे. ज्या खेड्यांचे गोडवे गायले जातात ती अज्ञानाची आणि कोत्या मनाची डबकी आहेत, असे त्यांनी देशाच्या तोंडावर सुनावले. ते शंभर टक्के खरे होते, आमची आजी तीन कोसांवरून पीठ आणत होती याहून वेगळा पुरावा मला नको. ज्यांनी गाव सोडले त्यांनी बरोबर केले. दादांनी बरोबर केले. शहरात आलो नसतो तर मी आणि माझी पोरे आज कुठे असतो? पण हे सुनावणारे बाबासाहेब ज्या दिवशी लोकांचे पुढारी म्हणून उभे राहिले, तो मांडवही एका खेड्यातच होता, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवाव्या लागतात. वाईट असते ते गावाचे पाणी किंवा माती नव्हे. गावातली माणसे काय ठरवतात त्यावर गाव वाईट किंवा चांगले ठरते. आमच्या गावाने दळण बंद करायचे ठरवले, माणगावने मांडव घालायचे ठरवले. दोन्ही गावे एकाच राजाची, एकाच नदीची, एकाच बोलीची. अगदी अलीकडे, २०२२च्या मे महिन्यात, शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभा घेऊन विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची रीत बंद केली, आणि शासनाला साऱ्या राज्यातल्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगावे लागले. म्हणजे गावाला ठरवता येते. "रूढी आहे, काय करणार" हे म्हणणे खोटे आहे.

म्हणूनच आज्जाचे ते वाक्य मला आता दादांच्या शपथेएवढेच मोलाचे वाटते. राजा समद्याच गावांला हुता, परिषद येकाच गावात झाली. आज राजा नाही, संविधान आहे, आणि तेही साऱ्या गावांना एकच आहे.

माणगावनंतर थोड्याच दिवसांत, मे १९२०च्या अखेरीस, नागपूरला अखिल भारतीय परिषद झाली, तिचे अध्यक्ष शाहू महाराज. जुलैमध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले, वय अवघे सत्तेचाळीस. ज्याला पुढारी म्हणून त्यांनी माणगावात दाखवले, त्याची महाडची, नाशिकची, नागपूरची कामगिरी पाहायला ते उरले नाहीत. पण बोललेला शब्द खरा ठरला.

समाजबांधवांनो आणि भगिनींनो, दोन विनंत्या करून हे लांबलेले लेखन संपवतो. एक, पुढच्या मार्चमध्ये महाडला जाल तेव्हा शक्य असेल तर दोन दिवस जास्तीचे काढा आणि हातकणंगल्याचे माणगावही पोरांना दाखवा. दुसरी, तुमच्या गावच्या शाळेत जुने जनरल रजिस्टर असेल तर फक्त दाखल्यापुरते पाहू नका. एक पिढी मागचे पान उलटा. कोण जाणे, ज्याला तुम्ही अंगठाबहाद्दर समजत होता त्याचे नाव तिथे सापडेल. ते पान वाळवीने खाण्याआधी त्याची एक प्रत घरी आणा.

आमच्या नातीला प्रवेश मिळाला. फॉर्म भरताना मूळ गावाच्या रकान्यापाशी तिने पेन थांबवले आणि माझ्याकडे बघितले. आमच्या घरात तो रकाना दादा नेहमी मोकळा सोडायचे. मी गावाचे नाव सांगितले. तिने ते लिहिले. मग आज्जाच्या उताऱ्याची प्रत मागून घेतली आणि "गैरहजर" या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, मी एकही दिवस चुकवणार नाही."

जयभीम!